पाटीवरचे शून्य

मी, ओडिलॉन डे कूमन, वय अडुसष्ट, निवृत्त व्यावसायिक डार्टपटू, राहणार झोटेगेम, हे मृत्युपत्र नोटरी श्रीमती डे व्हिल्डे यांना माझ्या पलंगाशी बसवून, तोंडी सांगून लिहवून घेत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके ठिकाणावर आहे. मी संतापलेला आहे, पण संताप म्हणजे वेड नव्हे, हे नोटरीबाईंना मान्य आहे. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर मुलगी आनेलीस हिला. अट एकच: बोर्डापासून दोन मीटर सदतीस सेंटिमीटरवर स्वयंपाकघराच्या फरशीत मी ठोकलेली पितळी पट्टी उखडायची नाही. "बाबा, पाहुणे हसतात हो," असे ती म्हणते. हसणाऱ्यांना त्या पट्टीवर उभे करावे आणि तीन डार्ट मारून दाखवायला सांगावे.

२. धाकटा भाऊ हेर्विग याला काहीही मिळू नये. त्याने अंत्यविधीला येऊ नये, नंतरच्या कॉफीला आणि हॅमच्या पावालाही नाही. एकाच गावात राहून चौतीस वर्षे जो मला पाहून रस्ता ओलांडतो, त्याने माझ्या शवपेटीसाठी तसदी घेऊ नये.

३. पाठीवर कोंबडा छापलेले सामन्यांचे बावीस शर्ट आनेलीसच्या सशांच्या खुराड्यात अंथरावेत. इंग्लंडातल्या आयोजकांनी मंचावरचे टोपणनाव म्हणून मला 'कोंबडा' ठरवले आणि मी मंचावर निघालो की आरवण्याचा आवाज लावला. जिंकत होतो तोवर लोक टाळ्या वाजवत. मग बोर्डावरचे दुहेरी सोळाचे, म्हणजे बत्तीस गुणांचे, घर समोर आले की माझी बोटेच उघडेनात, डार्ट हातातच राही. तेव्हा लोक स्वतःच आरवू लागले. डॉक्टर म्हणाले, नसांचा आजार आहे. मी डॉक्टरला शिव्या घातल्या, मंचावरच्या दिव्यांना घातल्या, आणि सगळ्यांत जास्त हेर्विगला घातल्या.

४. रोझानच्या कॅफेत गल्ल्यामागे असलेला १९८९ चा प्रांतिक चषक आणि त्याखाली काचेत लावलेली त्या अंतिम सामन्याची पाटी माझ्या मालकीची आहे. आमच्याकडे उपांत्य सामना हरलेल्याने अंतिम सामन्याचे गुण खडूने मांडायचे असतात. हेर्विग माझ्याकडूनच हरला होता, म्हणून तो बोर्डाशेजारी उभा होता. डार्टमध्ये गुण उतरत जातात आणि जो आधी बरोबर शून्यावर येतो तो जिंकतो; माझे बत्तीस उरले होते. तिसरा डार्ट दुहेरी सोळात बसला आणि लोकांनी कॅफे डोक्यावर घेतला. मी डार्ट काढायला गेलो, तोच तो गळून पडला. खेळाडूचा हात लागण्याआधी पडलेला डार्ट आमच्यात धरत नाहीत. माझी पाठ रुंद, मागच्यांना काही दिसले नाही. दिसले ते फक्त हेर्विगला.

"हात लागला नव्हता रे, ओडिलॉन," तो हळूच म्हणाला.

"लागला होता!" मी ओरडलो. "हरलास म्हणून जळतोस होय रे?"

माझे हे बोलणे गावाने उचलले. हेर्विगने शून्य लिहायला नकार दिला, तेव्हा रोझानच्या नवऱ्याने त्याच्या हातातून खडू हिसकावून ते लिहिले. त्या चषकामुळे मला इंग्लंडचे बोलावणे आले आणि वीस वर्षे मी त्या एका शून्यावर जगलो. हेर्विगला पुन्हा कोणी खडू धरू दिला नाही, डार्टही नाही. गाव अजून त्याला 'जळका' म्हणते.

माझा हात लागला नव्हता.

"हे लिहू?" नोटरीबाईंनी विचारले. लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.

५. कलम दोन रद्द. ते खोडू मात्र नये, माझा निर्लज्जपणा लोकांना वाचता यावा. माझे तीन डार्ट हेर्विगला द्यावेत. हेर्विग, मी तुझ्यावर अजूनही चिडलेलो आहे. चारचौघांत माझी कॉलर धरून एकदा तरी ओरडायचे होतेस. तू गप्प राहिलास आणि मला खोटे बोलणे सोपे गेले. आता हाही दोष मी तुझ्यावरच ढकलतो आहे, हे मला कळते. मला माझी किळस येते.

६. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटून कॅफे भरला की, हे सारे मोठ्याने वाचावे. काच काढून ओला स्पंज हेर्विगच्या हातात द्यावा. शून्य त्याने पुसावे. वर त्याच्या अक्षरातले बत्तीस आहेत, ते राहू द्यावेत.

सही करण्याआधी साक्षीदार रोझान यांनी पेन खाली ठेवले. त्या जे बोलल्या, ते माझ्या सांगण्यावरून इथे नोंदवले आहे:

"चौतीस वर्षं मी त्या माणसाला माझ्या दारात उभं केलं नाही, ओडिलॉन. आणि तू रोज माझ्यासमोर बसून बिअर पीत होतास! तू मरायची वाट कोण बघतंय? उद्या रविवारच आहे. काच मी आज काढते."

माझी हरकत नाही, असेही नोंदवावे. उद्या मला खुर्चीत घालून तिथे न्यावे.

लिहून देणार: ओडिलॉन डे कूमन (सही)
साक्षीदार: १. रोझान मार्टेल्स (सही, लगेच निघून गेल्या)
२. योरिस बाएटन्स, शेजारी (सही)
नोटरी: श्रीमती डे व्हिल्डे (सही व शिक्का)
झोटेगेम, शनिवार, ११ मार्च २०२३