ओगोंट्झ फोरमधील पाचव्या आवाजाबाबत

मी, थॅडियस पर्नेल, वय ७८, राहणार जर्मनटाउन, फिलाडेल्फिया, ‘ओगोंट्झ फोर’ या चौघांच्या गायकमंडळातला दुसरा टेनर, म्हणजे मधल्या पट्टीचा गायक, गुडघे सोडल्यास ठणठणीत असून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बहिणीचे दडपण जन्मापासूनचे आहे, ते धरलेले नाही.

१. राहते घर माझी धाकटी बहीण व्हर्डेल हिला द्यावे. जिना फार उभा आहे, अशी ती कुरकुर करील. करू द्यावी.

२. निळा मखमली कोट आमचा खर्जवाला रूफस गेन्स याला. तो त्याच्या पोटावर बसणार नाही, हे मला माहीत आहे. १९७१ साली अल्बमच्या फोटोत हा गडी ऐन वेळी माझ्यापुढे सरकला. जगाला माझा फक्त डावा कान ठाऊक आहे.

३. त्या अल्बमची नवी आवृत्ती गेल्या वर्षी निघाली. त्यासाठी जुन्या टेपवरचे आवाज सुटे केले, तर चौघांच्या मंडळात पाच निघाले. कंपनीचा माणूस घरी आला. “हा सगळ्यात वरचा आवाज कोणाचा हो?”

तो व्हर्डेलचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी आमच्या वरच्या पट्टीवाल्याचा घसा बसला, म्हणून मी तिला चर्चमधल्या तालमीतून उठवून नेले होते. पुरुषांच्या रेकॉर्डवर बाईचे नाव नको, असे तेव्हाची कंपनी म्हणाली. या खेपेला कोणी अडवले नव्हते. तरी मी म्हणालो, “माझाच.”

व्हर्डेल समोरच पीचची गोड पाय-पेस्ट्री कापत होती. “त्याचाच,” ती म्हणाली. “लहानपणापासून असाच किंचाळतो मेला.” पाहुण्याला तिने मोठा तुकडा दिला. मला दिलाच नाही.

अल्बमसोबतच्या पुस्तिकेत तसेच छापून आले. तेव्हापासून ती चर्चमध्ये गात नाही. मला लाज वाटते.

४. सबब, माझ्या अंत्यविधीत, जेवणाआधी, व्हर्डेल पहिल्या बाकावर असताना पाद्रीबाबांनी कलम ३ मोठ्याने वाचावे.

इथे वकीलबाई लेनोरा चीक माझे म्हणणे लिहून घेता घेता थांबल्या. यांना मी तान्ह्या असताना लंगोटात पाहिले आहे.

“थॅडकाका, एवढं सांगायला मरायची काय गरज आहे?”

“तोंडावर सांगायचा धीर होत नाही गं.”

“आणि व्हर्डेलआत्या तुमच्याआधी गेल्या तर?”

कलम ४ रद्द. खोडून बाजूला सही केली आहे. तो आवाज व्हर्डेलचा, असे कंपनीला कळवणारे पत्र बाईंनी लगेच टाइप केले, त्यावरही सही केली. आता व्हर्डेलकडे जातो.

सही: थॅडियस पर्नेल
साक्षीदार: एमोस टिल्मन, चर्चचे डीकन (सेवक); लेनोरा चीक, वकील
स्थळ: फिलाडेल्फिया
दिनांक: १४ मे २०२४ (तारीख साक्षीदाराने घातली. श्री. पर्नेल तोवर थांबले नाहीत.)