ताईचा डावा गाल

३ मार्च
लागली बुवा नोकरी एकदाची! आमचा धाकटा आता हाडं बनवतो, असं ताईने गल्लीभर सांगून टाकलंय. अगदीच थाप नाही ती. टायटॅनियम आणि सिरॅमिकची भुकटी पातळ अंथरायची, लेझरने वितळवायची, वर पुन्हा भुकटी. थरावर थर चढत हाड उभं राहतं आणि त्याच्या जाळीत माणसाचं खरं हाड शिरून घट्ट बसतं. हात चांगला आहे म्हणाले साहेब. स्वारी हवेत!

२१ मार्च
ताईच्या स्कूटरला ट्रकने उडवलं. डाव्या गालाच्या हाडाचा चुरा झालाय. अशा वेळी उजव्या हाडाचं चित्र घेतात, आरशातल्यासारखं उलटवतात आणि त्यावरून डावं बनवतात. साहेब हे काम दुसऱ्याला देणार होते. मी हट्टालाच पेटलो, माझी ताई आहे, मीच करणार.

२९ मार्च
बसलं! जणू तिचंच हाड, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर येताच ताईने आरसा मागितला, आणि आधी तरी मी कुठे अप्सरा होते म्हणाली. मी सगळ्यांदेखत रडलो.

१६ एप्रिल
फायली आवरताना ताईचं चित्र उघडलं. उलटवलेलंच नाही. घाईत राहिलं. मी तिला उजवं हाड डावीकडे बसवायला दिलं. ते बसायलाच नको होतं, मग बसलं कसं? कुणाला बोललो नाही. आधी नोकरीचा विचार आला मनात. शरम वाटते.

३ मे
डावी चप्पल चावते म्हणून ताई कुरकुरत होती. मी पाय पाहिला. अंगठा बाहेरच्या बाजूला गेलाय. तिचे दोन्ही पाय उजवे आहेत.

४ मे
डॉक्टरांपुढे सगळं ओकलो. एक्स-रे पाहून ते पांढरेफटक पडले. जाळीत शिरलेलं हाड तिथे थांबलेलं नाही, सगळ्या डाव्या बाजूला आपल्यासारखं उजवं करत चाललंय, आधी हातापायांची टोकं, मग आत.

८ मे
डावा हात — तोही उजवा. ताईला खरं सांगितलं. तिने त्याच हाताने माझे केस विस्कटले. वेड्या, मुद्दाम थोडंच केलंस, म्हणाली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर —

९ मे
नवं हाड बनवतोय, नीट उलटवून. चित्र सात वेळा तपासलं. जुनं काढून हे बसवायचं. यंत्राला अजून चौदा तास. डॉक्टर हळूच म्हणाले, छातीपर्यंत पोचलंय. डावी छाती उजवी होतेय. आणि उजवीकडे हृदय नसतं.

१० मे
हाड तयार. डॉक्टर हात धुतायत. मी ताईच्या छातीला कान लावून — ठोका आहे, बारीक — जेवलास का विचारते — आहे — नाही — आहे — ताई, बोलत राहा गं — बोलतेय ती, हसतेय, पण आत काहीच —