मुलाला बाहेर बसवणारी बाई

सोम. ३ फेब्रु.
आज घशातून पोटात नळी घातली. आत काही सापडलं नाही. सापडणार कुठून? पोट माझं दुखतच नाही.

काय होतंय ते इथं लिहून टाकते. ह्या घरात माझी वही उघडायला सवड आहे कुणाला? दिवाळीपासून अंगावरनं रक्त जातंय. पाळी जाऊन जमाना झाला, नात कॉलेजात गेली, आणि मी न्हाणीघरात जुनी सुती लुगडी फाडत बसलेय. कंबर मोडते. बंगळुरात येलहंक्याच्या ह्या घराचा जिना चढले की दम लागतो.

पण डॉक्टरापुढं माझा मुलगा सुधीर असतो. डॉक्टर मला विचारतो, उत्तर सुधीर देतो, तेही इंग्रजीत. पोरासमोर हे सांगायचं? जीभ झडेल. सून मेघना पुण्याची, गोड आहे, पण तिला सांगितलेलं भाजी फोडणीत पडायच्या आत सुधीरला कळतं. म्हणून मी म्हटलं, अशक्तपणा. सुधीरनं त्याचं केलं ॲसिडिटी. तेव्हापासून गोळ्या खातेय, उपाशीपोटी.

गुरु. ६
सु.नं, म्हणजे सुधीरनं, एक बाई घरी आणली. त्याच्या ऑफिसकडून मिळते म्हणे, पेशंट ॲडव्होकेट. मी म्हटलं, वकीलीण कशाला रे? मी कुणाचा खून केलाय?
"तसं नाही आई. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, काय विचारायचं, कागद, इन्शुरन्स, हे सगळं त्या बघतात. मला प्रत्येक वेळी सुट्टी मिळत नाही."
म्हणजे आईसाठी माणूस ठेवला. बरं.

शैलजा नाव. आडदांड. पायात पळायचे बूट, खांद्याला पोत्याएवढी पर्स. बसली ती मेघनाच्या चकल्या संपवूनच उठली. माझ्याशी कन्नडमध्ये बोलली. मी बोलले तर हसली.
"अज्जी, तुमचं कन्नड बेळगावकडचं!"
"निपाणीचं. तुला हसायला नाही शिकले ते."
सगळ्यांसमोर प्रश्न विचारत सुटली. भूक? झोप? शौच? मी प्रत्येकाला "येनु इल्ला" म्हटलं, काही नाही. ती लिहीत होती आणि मधूनच माझ्याकडं बघत होती, बाजारात वांगं बघतात तसं. जाताना म्हणाली, पुढच्या वेळी मी तुमच्याबरोबर आत बसणार. म्हटलं, तुझ्या सासूबरोबर बस.

मंगळ. ११
राग अजून उतरला नाही.

मोठं हॉस्पिटल. नवी डॉक्टरीण, कन्नडच. म्हणजे तिला कन्नड येतं, मला कन्नड येतं, आणि मध्ये माझा मुलगा इंग्रजी घेऊन बसलेला. आता खालनं नळी घालूया असं दोघांचं चाललं होतं. एवढ्यात वकीलीण म्हणाली, "सर, तुम्ही जरा बाहेर बसा."
सु.ला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतेय.
"तुम्हीच. अज्जींशी आम्हाला एकट्यात बोलायचंय."

गेला. जाताना कान लाल. शाळेत पट्ट्या खाल्ल्या की असेच व्हायचे. मी तिला म्हटलं, माझ्या मुलाला बाहेर काढणारी तू कोण गं? ह्याच्या ऑफिसच्या पैशावर जगतेस आणि त्यालाच दार दाखवतेस? लाज?
तिनं शांतपणे दार ओढून घेतलं. आणि मग विचारलं. सरळ. भाजीचा भाव विचारावा तसं. "अज्जी, अंगावर जातं का?"
मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत राहिले.
"सगळ्या बायकांना विचारते मी हे. मुलगा बाहेर गेला की."
हो म्हटलं. एवढंच. हो.
डॉक्टरणीचा हात कीबोर्डवर थांबला. कधीपासून, किती, कपडा किती वेळा, सगळं विचारलं आणि सगळं माझ्याच तोंडून. वकीलीण मध्ये एक शब्द बोलली नाही. ती गप्प बसू शकते हे आजच कळलं.

एका शब्दासाठी एवढ्या गोळ्या आणि एक नळी. कुणावर चिडू? चिडायला सापडतेय ती वकीलीणच.

बुध. १२
घरात सगळ्यांची तोंडं सुजलेली.
सु. — "मला का नाही सांगितलंस?"
"काय सांगू? तुला?"
"मी मुलगा आहे तुझा!"
"म्हणूनच."
मेघना रडली. निदान मला तरी, आई. मी म्हटलं, तुला सांगितलं म्हणजे त्याला सांगितलं, तुझ्या पोटात काही राहतंय का? ती भांडी आपटत आत गेली. आपट. निदान आवाज तरी येऊ दे घरात.

सोम. १७
गर्भपिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. भूल द्यायच्या आधी बांगड्या आणि दात काढायला लावले. वकीलीण म्हणाली, आणा इकडं, आणि सगळं त्या पोत्यात टाकलं. हात धरला नाही, देव पावला. मला असले चाळे आवडत नाहीत.

शुद्धीवर आले तर बया गेलेली. दुसऱ्या पेशंटचा फोन आला म्हणे. बांगड्या नर्सकडं ठेवल्या आणि माझे दात घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला घरी गेली! दिवसभर मऊ भात आणि ताक. मेघना तोंड फिरवून हसत होती, दिसलं मला. फोनवर वकिलिणीला बोळक्या तोंडानं शिव्या दिल्या, त्याही नीट उमटेनात.

मंगळ. १८
सकाळीच आली दातांचा डबा घेऊन. "स्वारी अज्जी, तप्पु माडिदे." चुकले म्हणतेय. मी म्हटलं, माझी वकिली करायला निघालीस आणि मुद्देमालच पळवलास. हसली. चहा दिला. चकल्या नाही दिल्या.

सोम. २४
रिपोर्ट आला. मला दाखवला नाही. सु. आणि मेघना खोलीत, दार बंद. बाहेर टीव्ही मोठा लावून ठेवला माझ्यासाठी, लहान पोराला खुळखुळा द्यावा तसा.
मग सु. बाहेर आला. "साधी गाठ आहे आई. पिशवी काढून टाकायची, झालं."
आणि माझ्यासाठी चहा करायला गेला. लग्न झाल्यापासून ह्या मुलानं गॅस पेटवलेला मी बघितला नाही. साखर दोनदा घातली. प्याले.

शेजारच्या कमलाक्कालाही साधीच गाठ होती. शेवटपर्यंत साधीच होती. तिच्या पोरांनी आम्हालासुद्धा बजावलं होतं, तो शब्द घरात काढायचा नाही. तेराव्याच्या जेवणात सगळे एकदम बोलले, कॅन्सर, कॅन्सर.

बुध. २६
वकीलीण आली तेव्हा मी न्हाणीघरात. बादली भरली तसा नळ बंद केला. पाण्याचा आवाज थांबला हे बाहेरच्यांच्या लक्षात आलं नाही.
सु. — "आईला काही सांगायचं नाही. आमच्यात सांगत नाहीत. ती खचेल."
वकीलीण — "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."
"मग तुमची गरज नाही आम्हाला."
"सरी."
बरं म्हणाली. भांडणसुद्धा केलं नाही. मला वाटलं होतं जरा तरी भांडेल. माझ्याशी भांडायला बरं तोंड चालतं.

मी बाहेर आले तर बुटाच्या नाड्या बांधत होती. वर बघून म्हणाली, "अज्जी, काही विचारायचंय?"
सु. तिच्यामागं उभा, चेहरा पांढरा फटक.
"हो," म्हटलं. "बूट घालून फरशीवर का चाललीस? पुसणार कोण?"
गेली.
मी खचेन म्हणे. ह्यांचा बाप गेल्यावर ह्यांना वाढवलं, त्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधनं सामान डोक्यावर काढलं, तेव्हा कुणी विचारलं नाही खचशील का म्हणून.

शुक्र. २८
सोमवारी डॉक्टरणीकडं जायचंय. ऑपरेशनच्या कागदावर माझी सही हवी. सु. म्हणतो, तू फक्त सही कर, बाकी मी बघतो. काय कापणार, का कापणार, कापून काय होणार, ते तो बघणार. सही तेवढी माझी.

दुपारी घरात कोण नव्हतं. वकिलिणीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता तो अजून तसाच आहे. लावला.
"सोमवारी ये."
"अज्जी, तुमच्या मुलानं मला बंद केलंय."
"ऑफिसकडून नको येऊ. माझ्याकडून ये."
म्हणाली, फोनवर विचारायचं असेल तर आत्ता विचारा, मी सांगते.
"तुला कशाला विचारू? तू काय डॉक्टर आहेस?"
ठेवला फोन. मेघनानं चकल्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय, स्टूल घेऊन चकल्या काढल्या. सोमवारसाठी लहान डब्यात भरल्या.

सोम. ३ मार्च
वकीलीण आधीच येऊन बाकावर बसलेली. सु.नं बघितलं, दात आवळले. हॉस्पिटलात तमाशा नको म्हणून गप्प राहिला.

आत गेलो. सु.नं घसा खाकरला, इंग्रजी सुरू करणार तेवढ्यात म्हटलं,
"सुधीर, बाहेर बस."
"आई, अगं..."
"बाहेर."
उठला. वकीलीण खुर्ची पुढं ओढून बसायला लागली. लई खूश झालेली.
"तू पण."
"मी?"
"दात चोरणारीसमोर मी बोलत नाही. जा."
म्हणाली, सरी अज्जी, आणि पोतं उचललं. दार तिनंच ओढून घेतलं, मागच्या वेळेसारखं.

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. ह्या वेळी भिंतीवरच्या बाळाकडं बघितलं नाही. म्हटलं, "खरे हेळ्री." खरं सांगा. निपाणीचं कन्नड, हसायचं तर हस.
नाही हसली. सांगितलं. कॅन्सर म्हणाली, शब्द न गिळता. पिशवीतला. अजून बाहेर गेलेला दिसत नाही, पण उघडल्यावर कळेल. काढला तर बरं होण्यासारखं आहे, मग कदाचित किरणं द्यावी लागतील, खात्री देत नाही. विचारलं, दिवाळीतच आले असते तर? ती म्हणाली, बरं झालं असतं. गोड बोलली नाही. पाणी मागितलं, दिलं.
सही आत्ता करता का? म्हटलं, घरी नेते कागद. दोन दिवसांत कळवते.

बाहेर ते दोघं एकाच बाकावर, दोन टोकांना, दोन दिशांना तोंडं. एकदम उठले. वकिलिणीच्या हातात डबा दिला. काही विचारलं नाही तिनं. चकली तिथंच उभ्या उभ्या तोंडात टाकली आणि लिफ्टकडं गेली. बूट कचकच वाजवत.

गाडीतनं घरी निघालो. हेब्बाळला गाड्या अडकल्या, बराच वेळ. सु. आरशातनं माझ्याकडं बघत होता. मी खिडकीतनं.
घरी आल्यावर पुन्हा चहा केला त्यानं. ह्या वेळी साखर विसरला.

कागद माझ्या पिशवीत आहे, पासबुकाखाली. सु. त्याच्या खोलीत फेऱ्या मारतोय, माझ्या दाराशी येतो, परत फिरतो.
आपणहून सांगणार नाही मी. विचारलं तर खोटं बोलणार नाही.