हिरवी वायर

गिऱ्हाईक आंधळंच असतं म्हणायचात ना, पप्पा? खोटं. तुम्ही त्याला आंधळं करायचात, आणि त्या कामाला मला ठेवला होता. आठवीतून शाळा सोडवलीत ती त्यासाठीच. आज हे परत उकरायचं कारण तुमची लाडकी बाय. तुम्ही बघितलेली दोन वेण्यांची पोर राहिली नाही ती आता. दाताच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते, संध्याकाळी गिटार घेऊन गाते, मैत्रिणींना जमवून बँड काढलाय. तिला जुना गिटारचा अ‍ॅम्प, ती आवाज मोठा करायची पेटी, घ्यायचाय. प्रभादेवीला एका सोसायटीत कोणी काका विकतायत, अठरा हजार बोलतात. सकाळी तिचा मेसेज आला, "दादा, पप्पा असते तर नुसता हात लावून सांगितलं असतं. आता तूच सांग." वाचलं आणि डोकं सटकलं माझं. तुम्ही गेलात तेव्हा पाचवीत होती ती. तिला तुम्ही अजून देवमाणूस वाटता.

हात लावून सांगायचात हे खरं. पण सांगायचात काय, ते तिला माहीत नाही. आपलं दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालचा गाळा, समोर लालबागचा रस्ता. बेंजोवाले, ऑर्केस्ट्रावाले, कॉलेजची पोरं, सगळे जुने अ‍ॅम्प घ्यायला आणि विकायला तुमच्याकडे. शटर कायम पूर्ण वर. लोक म्हणायचे, मोकळा माणूस आहे. शटर वर का, तर बस आणि ट्रकच्या आवाजात अ‍ॅम्पची घुंई ऐकू येत नाही. देवाच्या फोटोसमोर दिवसभर अगरबत्ती. बाय अजून मैत्रिणींना सांगते, आमचे पप्पा किती देवाचं करायचे. आत जळका ट्रान्सफॉर्मर असला की त्याचा वास अगरबत्तीने मरतो, हे तिला कोण सांगणार? बटण फिरवताना खरखर आली की आत स्प्रे मारायचा, चार दिवस गप्प बसतं. स्पीकरचा कागद फाटला की फेविकॉल आणि वरून काळं मार्कर. आपण पेटी उघडली होती ते कळू नये म्हणून स्क्रूच्या डोक्यांना काळं नेलपॉलिश. ते नेलपॉलिश आणायला मला पाठवायचात. दुकानदारीण विचारायची, "कुणासाठी रे, लग्न ठरलं काय?" आणि मी मान खाली घालून सुट्टे मोजायचो.

आणि तुमचा तो चहा! अ‍ॅम्प खरा असला की गिऱ्हाईकाला बसवून चहा पाजायचात, तोपर्यंत तो चालू, मस्त तापतोय, वाजतोय. अ‍ॅम्प रडका असला, म्हणजे थंड असताना बरा आणि तापला की आवाज पडणारा, तर चहावाला त्या दिवशी गावाला गेलेला असायचा. दोन मिनिटं स्वतः वाजवायचात, बटणं स्वतः फिरवायचात, गिऱ्हाईकाचा हात लागू द्यायचा नाही. "बरो वाजता मा?" म्हणायचं आणि लगेच बंद. मालवणी ऐकलं की समोरचा विरघळायचा, गाववाला वाटायचा त्याला. मी तुमच्या मागे उभा राहून वायरी गुंडाळायचो आणि मनात शिव्या द्यायचो. तोंडाने कधी नाही दिल्या, तेवढा दम नव्हता.

हे सगळं एक वेळ सोडून दिलं असतं. माणूस धंद्याला बसला की थोडंफार करतोच, असं इथे मस्कतला पण बघतोय. पण हिरवी वायर मी सोडणार नाही. तो चौकोनी मोठा अ‍ॅम्प होता, आतला करंट पत्र्यात उतरायचा. लावला रे लावला की गाळ्यातला मेन स्विच पडायचा. तुम्ही थ्री-पिनचा टॉप, म्हणजे प्लग, उघडलात, अर्थिंगची हिरवी वायर पकडीने कापलीत, टॉप परत आवळलात. परत लावला, मेन नाही पडला. मी म्हटलं, "पप्पा, अर्थिंग?" तुम्ही म्हणालात, "गप रव. वाजता मा? मग झाला तर." मेन पडायचा तो माणसाला वाचवायला पडायचा, एवढं मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला तर कळतच होतं.

डिलाईल रोडच्या एका पोराने तो घेतला. कुरिअरमध्ये राबून पैसे साठवले होते त्याने, जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मंडळाच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस चालू. गिटार हातात, गायला म्हणून माइकला तोंड लावतो, आणि करंट बसून मागच्या खुर्च्यांवर जाऊन पडतो. जगला. पण डाव्या हाताची दोन बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. गिटार सुटली ती सुटलीच. आता शिवडीला गोदामात ट्रकच्या पावत्या फाडतो म्हणे.

मंडळाची माणसं अ‍ॅम्प घेऊन गाळ्यावर आली. टॉप उघडून दाखवला. तुम्ही असे वाकून बघितलंत की जणू पहिल्यांदाच बघताय. मग वळलात आणि माझ्या कानाखाली वाजवलीत. "किती वेळा सांगितलं, अर्थिंग नीट आवळ म्हणून! माणूस मेला असता!" त्यांना म्हणालात, "पोरगं शिकतंय अजून, त्याला समजून घ्या. पैसे आत्ता परत नेवा." नोटा त्यांच्या हातात दिल्यात. जाताना त्यातला एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, असा धंदा करणारा माणूस हल्ली मिळत नाही." एवढं होऊन तुमचीच इज्जत वाढली! आणि पुढे मी रस्त्याने निघालो की मंडळाची पोरं एकमेकांना कोपर मारायची, "ए बाजूला हो, करंट आला."

त्या दुपारी घरी जेवायला बसलो. आईने बांगड्याचं कालवण केलं होतं. तुमच्या ताटातली मोठी तुकडी उचलून तुम्ही माझ्या ताटात ठेवलीत. आई म्हणाली, "आज काय विशेष?" तुम्ही म्हणालात, "जेव रे. बारीक झालास." बस. तेवढीच तुमची माफी, की माझं तोंड बंद करायची किंमत, मला अजून समजलेलं नाही. हात धुताना म्हणालात, "उद्या लवकर उघड दुकान." आणि मी उघडलं. पुढच्या वर्षी तुम्ही छातीत कळ येऊन गेलात, गाळा मालकाला परत गेला, आणि मी इकडे साउंडवाल्याकडे पेट्या उचलायला आलो. हॉटेलात लग्न असलं की स्टेजवरचा एकेक टॉप मी उघडून बघतो. बाकीचे हसतात, अर्थिंग भाई म्हणतात. हसू देत.

आज शुक्रवार, सुट्टी. बाय त्या काकांच्या घरून व्हिडिओ कॉलवर. मी म्हटलं, पहिली खिडकी लाव, पंखा बंद कर. गिटारची वायर काढ, आवाज पूर्ण वर ने, फोन जवळ धर. नुसती घुंई ऐकायचीय. थोडी होती, असते तेवढी. मग बटणं, एकेक, सावकाश, तुझ्या हाताने. वायर परत लावून भोकात हलव. पेटीवर टकटक कर. जाळीतून टॉर्च मारून स्पीकरचा कागद दाखव, मागच्या स्क्रूची डोकी दाखव, नाक लावून वास घे. "आणि आता अर्धा तास चालू ठेव." मागून काका म्हणाले, "अर्धा तास? अगं, अ‍ॅम्प आहे हा, भात नाही शिजवायचाय." बाय खुदकन हसली. ते हसणं तुमचंच, त्याचाही राग येतो.

अर्ध्या तासानंतर टॉप उघडायला सांगितला तेव्हा मात्र काका चिडले. "माझ्या मुलाचा आहे हा. तो बाहेर शिकायला गेला म्हणून काढतोय. तुम्ही आम्हाला चोर समजता की काय?"

मी म्हटलं, "काका, चोर समजलो असतो तर बहिणीला तुमच्या घरात पाठवली असती का? सगळ्यांचेच उघडतो मी. सवय आहे."

त्यांनीच मग स्क्रूड्रायव्हर आणून दिला. बायने टॉप उघडून फोनसमोर धरला. हिरवी वायर जागेवर, स्क्रू घट्ट. टॉप परत बसवून, गिटार लावून तारेला टेस्टर लावायला सांगितला, दिवा लागला नाही. सगळं सरळ होतं. पप्पा, खोट सापडली नाही म्हणून मला राग आला. आणखी काय तपासू, म्हणून मी शोधत बसलो. समोरचा माणूस खरं बोलतोय हे मला पटतच नाही, ही कमाई तुमची.

अ‍ॅम्प घ्यायचं ठरलं. काकांकडून निघाल्यावर बाय जिन्यातून बोलली, "दादा, हे सगळं पप्पांनी शिकवलं ना तुला?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तुमच्याकडेच तर शिकलो. विचारलं, घरी कुठे लावणार? म्हणाली, फ्रीजच्या बोर्डाला. तो बोर्ड तुम्ही बसवलेला. समोर भोकं तीन, मागे वायरी दोन. आपल्या खोलीत अर्थिंग कधी आलंच नाही, दुसऱ्यांच्या घरची वायरिंगची कामं करत फिरलात आणि स्वतःच्या घरात बायकोपोरांना तसंच ठेवलंत. चांगल्यातला चांगला अ‍ॅम्प तिथे लावला तरी तो तुम्ही कापलेल्या अ‍ॅम्पसारखाच. आणि ही पोर माइकला तोंड लावून गाणार.

मी म्हटलं, वायरमन खालच्या मीटरच्या खोलीतून अर्थिंग ओढून देईपर्यंत अ‍ॅम्प लावायचा नाही, आईची शपथ घे. ती म्हणाली, "पण बोर्ड पप्पांनी लावलाय ना? त्यात काय खोट असणार?" तेव्हा सगळं जिभेवर आलं होतं. त्या पोराची बोटं, अगरबत्ती, कानाखालची, सगळं. बोललो काय, तर "पप्पा करणारच होते ते काम. मला बोलले होते. राहून गेलं."

तुम्ही कधी बोलला नव्हतात. तुमच्यासाठी नाही बोललो मी हे. तिला त्याच खोलीत, तुमच्या फोटोखाली बसून गायचंय. तिच्या पायाखाली काहीतरी धड असावं म्हणून बोललो. हे लिहिलेलं तिच्या हाताला लागलं तर तेही जाईल, म्हणून पाठवणार नाही, इथेच फाडून टाकतो. अठरा हजार अ‍ॅम्पचे, साडेचार वायरमनचे. आईच्या खात्यावर साडेबावीस हजार पाठवतोय.