जेवणाच्या टेबलावरचं इंजिन

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. माझे हात काळे असल्यामुळे गळाभेट लांबूनच मानून घ्यावी. ताईंचा खोकला थांबला का? धाकटीला दात आले का? आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फक्त जेवणाच्या टेबलावर इंजिन असल्याने जमिनीवर बसून जेवतो.

हो, तेच, सासरेबुवांच्या गाडीचं. ही गाडी आता भंगारात द्या, असं तुम्ही (चांगल्या हेतूने, पण ऐन त्यांच्या वाढदिवसाला) म्हणालात, तेव्हापासून त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलंय, हे काय मी सांगायला हवं? आमच्याकडे राहतात खरे, पण दिवसभर आपल्या खोलीत, आणि तुमचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवतात. इकडून-तिकडून दोघी बहिणी फोनवर रडतात. शेवटी हिने मला सुनावलं, की घरातल्या एका तरी जावयाने काहीतरी करावं. मनात आलं, गाडी चालू झाली तर म्हातारा विरघळेल. पण माझा उत्साह दांडगा आणि खिसा फाटका. गॅरेजवाल्याने आकडा सांगितला तेव्हा मी त्याच्याच स्टुलावर मटकन बसलो. त्याने पाणी दिलं, तेवढं मात्र फुकट.

मग म्हटलं, आपणच करू. इमारतीखाली तेल सांडलं म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीने हाकललं, तेव्हा सगळं खोलून पिशव्यांतून वर घरात आणलं. (मुख्य धूड आणलं ते शेजाऱ्यांचं कपाट चढवायला आलेल्या हमालांची मनधरणी करून.) रद्दीवाल्याकडे एक पुस्तकही मिळालं. त्यातलं इंजिन खोलण्याचं प्रकरण शाबूत होतं, जोडण्याच्या प्रकरणाला वाळवी लागली होती.

आता गंमत ऐका. इंजिनातला प्रत्येक पिस्टन ज्याच्या त्याच्या सिलिंडरमध्येच परत जावा लागतो, संसारासारखं, अदलाबदल चालत नाही. म्हणून मी ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि इंजिनाच्या सांध्यांत घालायचं पॅकिंग आणायला बाजारात गेलो. परत येऊन बघतो तर काय, सासूबाईंनी सगळं भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून उपडं घातलेलं! वर माझ्यावरच रागावल्या, कारण पिस्टन वाट्यांसारखे एकात एक बसत नव्हते. छान केलंत म्हणालो आणि भिंतीला टेकलो.

माझा चेहरा बघून सासरेबुवा इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून खोलीबाहेर आले. चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या आणि एकेक पिस्टन प्रत्येक सिलिंडरमध्ये सरकवून, फिरवून, परत काढून बघत बसले. त्या दिवसापासून मी फक्त पाने पुढे करणारा गडी. पिस्टनच्या जुन्याच रिंगा त्यांनी साफ करून घातल्या, नवीन म्हणाल तर तेवढं पॅकिंग. मला उठताबसता गाढव म्हणायचे, आणि साडूभाऊ, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. परवा इंजिन जुळलं. हाताने फिरवलं तर अगदी मऊ फिरतं. सासूबाईंनी त्यावरून पुन्हा एकदा फडकं मारलं.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. विशेष आहे थोडंसं. जुळलेलं इंजिन खाली कसं न्यायचं, हा विचार करायचा राहूनच गेला. जिना अरुंद, आणि जड इतकं की टेबल कण्हतंय. हमाल बोलावले होते, पण सासरेबुवा दारात आडवे उभे राहिले. परक्या माणसाला हात लावू देणार नाहीत.

ता. क. दुसरा. शेवटी तेच म्हणाले, "थोरल्याला बोलाव. भंगार म्हणाला होता ना, आता उचलू दे त्यालाच." मग बराच वेळ पाना पुसत बसले. पुसून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, विचारलं, "त्याची कंबर धरायची ना रे? जड उचलणं जमेल का त्याला?"