गाळोबाचा हात

४ मार्च, मंगळवार

लोक हसले.

घाबरायला बोलावलं होतं त्यांना! छोटं थिएटर, दारं बंद, मिट्ट अंधार. पडद्यावर तळ्याच्या गाळातून आमचा गाळोबा वर आला. ज्याचा एकेक खवला मी हाताने चिकटवलाय तो. एक हात पुढे करून चालायला लागला आणि मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. हसण्याचं खोकल्यासारखं असतं, एकाला आलं की सगळ्यांना येतं. शेवटी एक बाई डोळे पुसत होती. रडून नव्हे.

बाहेर निर्माते म्हणाले, "जुना सिनेमा बघून आमच्या आजोबांची दातखीळ बसली होती. याच्या शेजारी उभं राहून पोरं फोटो काढतील." मग दिग्दर्शकाला बाजूला घेऊन बोलले. तेही मला ऐकू आलं, कारण त्यांना हळू बोलता येत नाही. महिनाअखेर आणखी एक चाचणी. तेव्हाही हसले तर पोशाख बंद, गाळोबा कॉम्प्युटरवर करायचा. आणि त्याआधी आतली मुलगी बदलायची. "एखादा पैलवान आणा. चाल पुरुषाची पाहिजे."

आतली मुलगी म्हणजे चिमणी. मूळची नर्तकी, आणि पोशाख तिच्यापेक्षा जड. ती माझ्या शेजारीच उभी होती. पाण्याची बाटली उघडायला घेतली, तर तिला ती उघडेना.

५ मार्च, बुधवार

घरी सांगितलेलं नाही. नवऱ्याला कळलंय, तो चेहरा वाचतो. पण आईंना कसं सांगू?

जुना गाळोबा म्हणजे आमच्या घरचंच माणूस. त्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात पोशाखाच्या आत अप्पा होते, माझे सासरे. पोशाख आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी शिवला, स्वतःच्या हातांनी, जुन्या रबरी नळ्या कापून. मी शाळेत असताना तो सिनेमा पाहिला आणि त्या रात्री पलंगाखाली वाकून बघायची हिंमत झाली नाही. तेव्हाच ठरवलं, मोठेपणी हेच करायचं. नवरा म्हणतो, "तू मला नाही, माझ्या बापाच्या खवल्यांना होकार दिलास." अगदीच खोटं नाही!

अप्पा जाऊन काही वर्षं झाली. ते होते तेव्हा माणसं घरी यायची ती शेवटच्या दृश्याबद्दल बोलायला. तळं बुजवायला निघालेले लोक काठावर उभे आहेत, गाळोबा पाण्यात मागे मागे जातोय आणि बुडता बुडता काठाकडे हात पुढे करतो. तोवर त्याला घाबरलेलं अख्खं थिएटर तिथे रडायचं म्हणे. कुणी स्तुती केली की अप्पा म्हणायचे, "ते माझं नव्हे हो. ते गाळोबाचं." बाकीच्या दृश्यांबद्दल मात्र तासन्‌तास सांगायचे, स्वतःची पाठ थोपटून घ्यायला मुळीच लाजायचे नाहीत. पण जे सगळ्यात मोठं, तिथे एवढा नम्रपणा! असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

७ मार्च, शुक्रवार

दिग्दर्शक आज माझ्या पोशाखांच्या कारखान्यात येऊन बसला. त्याला सगळे दुर्बीण म्हणतात, कारण जेवतानाही बोटांची चौकट करून बघत असतो. वय माझ्या भाच्याएवढं, पण जुन्या सिनेमावर असा जीव मी कुणाचा पाहिला नाही. माझ्याखेरीज.

शेवटचं दृश्य आम्ही थांबवून थांबवून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, इथे बघा. बाकी सिनेमात गाळोबा दरवाजाएवढा. इथे बुटका दिसतो. पाय गाळात रुतत चाललेत. तळं त्याला गिळतंय आणि तो उंची सोडून देतोय. कसं सुचलं असेल?" खरंच. आणि हात! इतर ठिकाणी हात काठीसारखा सरळ येतो. इथे बोटं उघडतात, एकेक करून. मी इतक्यांदा पाहिलंय, तरी पुन्हा मागे नेऊन पाहिलं.

एवढं सगळं कळतं आम्हाला. मग आमच्या गाळोबाला बघून लोक का हसतात?

९ मार्च, रविवार

गाळोबाचं डोकं घरी आणलं, जबडा नीट करायला. जेवणाच्या टेबलावर ठेवलं. नवरा म्हणाला, "पाहुण्यांना वाढू का?"

आई आल्या. डोक्याभोवती एक फेरी मारली. मग बोटाने टिचकी मारली, कान लावला, आत हात घालून अस्तर चाचपलं. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"छान आहे गं," म्हणाल्या. "माझ्यापेक्षा छान."

मग मला राहवलं नाही. हसं झालं ते सगळं सांगितलं. पैलवानाचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या गाळोबाच्या डोळ्यांकडे. ते डोळे म्हणजे माझा सगळ्यात मोठा अभिमान. काचेचे, ओले वाटणारे, आणि आतल्या माणसाला त्यातून स्वच्छ दिसतं.

"याला दिसतं?" आईंनी विचारलं.

"हो तर. सगळं दिसतं."

"मग हा हात कशाला पुढे करतो?"

आई चहा ठेवायला आत गेल्या.

१० मार्च, सोमवार

दिवसभर डोक्यात तेच. संध्याकाळी आईंना पुन्हा खोदून विचारलं.

जुन्या मुखवट्याचे डोळे नुसते रंगवलेले होते! अप्पांना हनुवटीखालच्या फटीतून फक्त स्वतःचे पाय दिसायचे. म्हणून आई कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभ्या राहायच्या, हात पुढे करून. अप्पा त्या हाताच्या रोखाने चालत यायचे. "मी हाताला असायचे," असं म्हणतात त्या. कॅमेरा थांबला की बोटं सापडायची. अप्पांनी एकदा दाबलं तर ठीक आहे. दोनदा दाबलं तर आधी डोकं उतरवा, बाकी नंतर.

आणि जगाला वाटत आलं, तो गळा दाबायला येतोय! पोस्टरवर तेच. आम्हीही तेच केलं. चिमणीला सांगितलं, झडप घाल, पंजा मार. सगळं दिसत असताना हात पुढे करून झडप घालणारा प्राणी. हसतील नाही तर काय करतील?

तो बायकोचा हात शोधत होता. म्हणून भीती वाटायची. काहीतरी हवंय त्याला, आणि ते आपल्याकडे आहे.

मला आज रडू आलं, पण छान रडू.

१२ मार्च, बुधवार

डोळे बुजवले. माझ्या हातांनी. आतून काळं अस्तर, हनुवटीखाली एक फट. दुर्बिणीने आधी हात जोडले, मग पटलं तेव्हा पायच धरायला निघाला.

चिमणी म्हणाली, "म्हणजे मला काहीच दिसणार नाही?"

"नाही."

"आणि पाण्यात?"

चिमणीने स्वतःच डोकं उचललं आणि चढवलं.

१७ मार्च, सोमवार

आई आज कारखान्यात आल्या. नवरा सोडायला आला आणि जाईना, आपल्या आईकडे बघत दारात उभा.

आधी त्यांनी चिमणीला पोशाखाशिवाय चालायला लावलं. मान हलवली. मग बाह्या वर सारल्या आणि स्वतः चालून दाखवलं. डावा खांदा खाली, पाय उचलायचा नाही, ओढायचा, आणि प्रत्येक पावलानंतर एक थांबा, खाली जमीन आहे ना याची खात्री करणारा. साध्या चपला, पिकलेले केस, आणि अंगावर काटा आला माझ्या! रंगकाम करणाऱ्याने हातातला ब्रश बाजूला ठेवला. दुर्बीण बोटांची चौकट करायलासुद्धा विसरला.

इतकी वर्षं अप्पांना बघून बघून चाल अंगात मुरली असणार. एखाद्याकडे किती जीव लावून बघितलं तर असं होत असेल?

चिमणीला म्हणाल्या, "पाणी कमरेला लागलं की श्वास सगळा सोडायचा. नाहीतर पोशाख वर ओढतो आणि पाय सुटतात." काय काय लक्षात आहे त्यांच्या. अप्पांनी सांगितलं असेल तेव्हा.

२१ मार्च, शुक्रवार

स्टुडिओच्या टाकीत शेवटचं दृश्य चित्रित केलं. आई कॅमेऱ्याच्या शेजारी खुर्चीत. बसून नव्हे, खुर्ची नुसती आधाराला.

दुर्बीण कर्ण्यातून ओरडला, "चिमणे, थोडी डावीकडे!" आईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कर्णा खाली ठेवला.

"डोकं चढलं की आतल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही," म्हणाल्या. "नाव ऐकलं की माणूस जागा होतो आणि हा जातो. आमचा नियम होता. आणि उतरल्यावर आत काय झालं, कोण होतं, त्याच्या गप्पा मारत बसायच्या नाहीत."

"म्हणजे कधीच नाही?" दुर्बिणीने विचारलं.

"ज्याचं काम त्याला माहीत असतं की."

दुसऱ्या वेळी सगळं जुळून येत होतं. गाळोबा मागे सरकला, हात आला, काठाला लागला. आईंनी बोटं धरली आणि लगेच म्हणाल्या, "डोकं उतरवा." दुर्बीण म्हणाला, फक्त एक क्षण, कॅमेरा चालू आहे. आईंनी त्याचं ऐकलं नाही. गुडघाभर पाण्यात उतरून स्वतःच बंद सोडायला लागल्या. मी धावले. चिमणी आत पांढरीफटक पडली होती, ओठ निळे. दोनदा दाबलं होतं तिने.

टॉवेलात गुंडाळल्यावर शुद्धीवर आली आणि म्हणाली, "पुन्हा करू या." आईंनी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळले. लेकीचे चोळावेत तसे. अर्ध्या तासाने पुन्हा केलं. ते दृश्य काय झालंय म्हणून सांगू!

पैलवान आणलेला नाही, हे निर्मात्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. चाचणीनंतर सांगू, असं दुर्बीण म्हणतोय.

२२ मार्च, शनिवार

अंग मोडून आलंय. झोपले दिवसभर.

२८ मार्च, शुक्रवार

कुणी हसलं नाही.

तेच थिएटर, माणसं नवी. आई माझ्या डाव्या बाजूला, चिमणी उजव्या. गाळोबा वर आला. आंधळा, हात पुढे, एकेक पाऊल चाचपत. एवढी शांतता की पंखा ऐकू यायला लागला. मागे एक धटिंगण खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता!

शेवटचं दृश्य सुरू झालं तशा आई उठल्या. "मी बाहेर बसते." जुन्या सिनेमालाही त्या नेहमी इथेच उठतात, चहा ठेवायला म्हणून. अप्पांची आठवण सोसत नसेल. मी हात दाबला, जाऊ दिलं.

गाळोबा बुडायला लागला. हात आला, बोटं उघडली. आणि दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने आपला हात अर्धा उचललेला मी पाहिला. मग तिच्या लक्षात आलं असावं, तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. ही माझी मिळकत. आता दुसरं काही नको मला.

निर्माते नाक शिंकरत बाहेर आले. "हेच हवं होतं! थेट अप्पासाहेब! काय पुरुषी धीर आहे त्या मागे सरकण्यात. कुठला पैलवान?"

दुर्बिणीने चिमणीकडे बोट केलं.

निर्मात्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माणूस वाईट नाही, हात मिळवला, शाबास म्हणाले. पोशाख राहणार, कारखाना राहणार, चिमणीही राहणार. जीव भांड्यात पडला. मग म्हणाले, "फक्त नामावलीत हिचं नाव नको. गाळोबाच्या आत बाई, हे लोकांना पटायचं नाही. मजा जाते. तिथे अप्पासाहेबांच्या स्मृतीस असं लिहू. कसं?"

चिमणी हसली, म्हणाली, चालेल. या वेळी बाटली मीच उघडून दिली.

३० मार्च, रविवार

दुपारी आई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना नामावलीचं सांगितलं. अप्पांचं नाव येणार म्हणून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या साहेबांना सांग, मुलीचं नाव घाला. लोकांना पटतं. एकदा पटलेलं आहे."

"कधी?"

"शेवटच्या दृश्याला हे काठावर होते. तापाने फणफणलेले, कांबळं पांघरून. हात पुढे करून उभे."

मला कळेना. "मग पाण्यात?"

आईंनी पुन्हा शेंग उचलली.

"पाणी फार गार होतं गं," म्हणाल्या.