कॉटची जागा

नोएडा,
३ नोव्हेंबर २०२५

सौ. गिरिजावहिनीस,

नमस्कार. फराळ वैभवीच्या हातून पोचला. चकल्या विकतच्या होत्या हे कळलं, तरी संपवल्या. लेकीला तू आत्याकडे येऊ देतेस, हे बरं आहे. दादाचा गुडघा कसा आहे? वैभवी सांगत होती, तो जिना उतरतो आणि चढायचा कंटाळा म्हणून दुपारपर्यंत खाली पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसून राहतो.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. दादाला जुन्या घराबद्दल विचारलं तर म्हणाला, "मी दिवसभर ऑफिसात असायचो, मला काय ठाऊक. वहिनीला लिही. मी मध्ये पडत नाही." म्हणून नोएडाहून इंदिरापुरमला स्पीड पोस्ट. काउंटरवरच्या बाईने पत्ता वाचून म्हटलं, "इतनी देर में तो आप खुद दे आतीं." मी काय सांगणार?

काम असं आहे. पाच डिसेंबरला माझ्या तीस वर्षांच्या नेपथ्याच्या कामाचं प्रदर्शन उघडतं आहे. गॅलरीतर्फे रुचिता ते मांडते. करोल बागेत वाढलेली मराठी मुलगी, हुशार आहे, पण रोज माझं डोकं खाते. तिला प्रत्येक गोष्ट छताला टांगायची आहे. लोखंडी ट्रंकांचं नेपथ्य टांगायचं, सरकारी फायलींची भिंत टांगायची. पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकावरच्या कार्यक्रमासाठी मी नुसती मोकळी जमीन आणि चौदा रिकामे खांब उभे केले होते, समितीने आयत्या वेळी त्यात दोन थर्माकोलचे घोडे आणून ठेवले. रुचिता म्हणते, "ताई, घोडे पण दाखवू ना, यार. ते बिल्कुल मजेशीर आहेत." घोडे माझे नाहीत हे मी तिला चार वेळा लेखी कळवलं आहे.

भोपाळच्या नाटकातल्या बॅगाही तिला टांगायच्या होत्या. त्या जमिनीवरच राहतील आणि आत विटा असतील, असं सांगितलं. "कोण उचलून बघणार आहे, ताई?" म्हणाली. हेच तर. नटांना मी तीस वर्षं तेच सांगते आहे. रिकामी बॅग शेवटच्या रांगेतूनही ओळखू येते. हाताला वजन नसलं की खांदा खोटं बोलतो.

असो. शेवटच्या दालनात जुनं काही नाही. तिथे मी लक्ष्मीबाई नगरचं आपलं सरकारी क्वार्टर उभं करते आहे. सगळं नाही, फक्त आतली खोली. जुने ब्लॉक पाडले, तिथे आता टॉवर आहेत. मी जाऊन पाहिलं, आपला जिना कुठे होता तेही सांगता येईना. खोली खऱ्या मापाची करते आहे. दहा फूट बाय नऊ. भिंतींना तोच पिवळट चुना, खिडकीला तेच गज, कपाट, शिवणाचं मशीन, भिंतीतलं फडताळ. ("फडताळ म्हणजे?" रुचिता.) प्रेक्षक दारातून एकेक करून आत जातील.

अडलं आहे ते दारापाशी. माझे सुतार इस्लामुद्दीन बावीस वर्षं माझ्याकडे काम करतात. आराखडा पाहून म्हणाले, "मैडम, दरवाज़ा अंदर खुलता है. अलमारी यहाँ, मशीन यहाँ. तो पलंग कहाँ था?" मी हात केला. त्यांनी फरशीवर खडूने कॉट काढली, दाराची फळी धरून फिरवली, ती कॉटवर आपटली. दुसरीकडे काढली, तर कपाट उघडेना. "या दरवाज़ा खुलेगा, या पलंग रहेगा. आप याद कर लो."

इतक्या वर्षांत मागेपुढे होतंच. तेव्हा तू एवढंच कळव: आईची कॉट आतल्या खोलीत कुठे होती. डोकं कोणत्या भिंतीला, पाय कुठे. दोन ओळी पुरेत. पोस्टकार्ड सोबत ठेवलं आहे, पत्ता घातलेला आहे.

दादाला नमस्कार.

तुझी नणंद,
क्षिप्रा


नोएडा,
१४ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

पोस्टकार्ड मिळालं. "कॉट सहा फूट तीन इंच, रुंदी तीन फूट. गिरिजा." एवढंच.

माप मी विचारलं नव्हतं. भाड्याने मिळणारी आजाऱ्याची लोखंडी कॉट केवढी असते, ते नेपथ्यकाराला पाठ असतं. जागा विचारली होती. एवढं मोठं कार्ड होतं, उरलेल्या भागात चौकोन काढून एक रेघ मारली असतीस तरी चाललं असतं. तू रेघही मारली नाहीस.

इकडे हवा इतकी वाईट आहे की जनरेटर चालवायला बंदी आहे, आणि वीज रोज दुपारी जाते. इस्लामुद्दीन मास्क लावून हातकरवतीने चौकट कापतात आणि दर तासाला विचारतात, "घर से ख़त आया?" मी आलं म्हटलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाभी नाराज़ हैं."

हे त्यांना एका पोस्टकार्डात कळलं. मला कळून चौदा वर्षं झाली, पण का ते कळलेलं नाही. आईच्या तेराव्यानंतर तू माझ्याशी बोलणं सोडलंस. दिवाळीला फराळ पाठवतेस, त्यात चिठ्ठी नसते. वैभवीच्या साखरपुड्याला मला पहिल्या रांगेत बसवलंस आणि वाढायला दुसरी बाई पाठवलीस. मी दादाला विचारते, तो गुडघ्याबद्दल बोलतो.

आईजवळ मी नव्हते म्हणून राग असेल, तर तो मी ऐकून घेईन. पण मी भोपाळला होते. काम होतं. माझ्या जागी मुलगा असता तर "कामावर होता बिचारा" म्हणाले असते सगळे. दादा बारा तास ऑफिसात असायचा, त्याला कोणी काही म्हटलं का? तूही नाही.

खरं सांगायचं तर कॉटची जागा मी विसरलेले नाही. ती मी पाहिलीच नाही. आई पडली तेव्हापासून दिवाळीपर्यंत मी चार वेळा आले, तेव्हा ती बाहेरच्या खोलीत होती, खिडकीशी. थंडी सुरू झाल्यावर तू तिला आत हलवलंस. ते तीन महिने मी आले नाही. आणि मी आले त्या सकाळी ती बाहेर जमिनीवर होती, कॉट उचलून नेलेली होती. आता तुला कळलं मी का विचारते आहे. हे मला लिहायला लावायचं होतंस, तर लिहिलं.

रुचिताला हे सांगितलं नाही. तिने दालनाच्या दाराशी लावायचा मजकूर लिहून आणला आहे. त्यात ही खोली म्हणजे "एका मुलीने आईच्या शुश्रूषेला वाहिलेली आदरांजली" आहे. मी ते खोडलं. तिने पुन्हा लिहून आणलं, नवे शब्द, तोच अर्थ.

दुसरं कार्ड सोबत आहे. या वेळी चौकोन मीच काढून दिला आहे. दार दाखवलं आहे, खिडकी दाखवली आहे. तू फक्त कॉट काढ.

क्षिप्रा


मंडी हाऊस, दिल्ली
२६ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

कार्ड काल आलं. चौकोन कोराच होता. खाली तुझं अक्षर:

"जागा काढून दाखवता येत नाही. दार अर्धंच उघडायचं, आडवं होऊन आत जावं लागे. तू आलीस त्या सकाळी बॅग मी तुझ्या हातून घेतली होती."

कार्ड सुतारीच्या कारखान्यात उभ्यानेच वाचलं. इस्लामुद्दीननी विचारलं नाही.

तुला माहीत होतं. चौदा वर्षं. मला तुझा राग येतो आहे आणि त्याला कुठेही ठेवायला जागा नाही. त्याच सकाळी, सगळ्यांसमोर, बॅग उघडून का दाखवली नाहीस? मी ओरडले असते, दादाने मला घरातून काढलं असतं, आणि ते झालं असतं. तू ती नेऊन कपाटावर ठेवलीस. तेराव्या दिवशी काढून दिलीस. मी ती घेतली आणि गेले, भरलेली असल्यासारखी.

जे झालं ते लिहिते. यातलं तुला किती माहीत आहे ते मला माहीत नाही.

तू सतरा जानेवारीला फोन केलास की आई तुझं नाव घेतात, ये. मी सांगितलं, भोपाळला निघाले. निघाले नव्हते. नेपथ्य वीस तारखेला ट्रकने जायचं होतं. मी इथेच होते, मंडी हाऊसला, जिथे बसून आता लिहिते आहे तिथून रस्त्यापलीकडच्या थिएटरात. रिक्षाने तुमच्याकडे वीस मिनिटं. आईला तसं बघवणार नव्हतं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण तसं काही मनात आल्याचं मला आठवत नाही. नेपथ्यातल्या तीन दारांवर प्रकाश लावून बघायचा होता आणि हॉल दोनच दिवस मिळाला होता.

एकोणीसला संध्याकाळी दादाचा फोन आला. मी शिडीवर होते. तो म्हणाला, "आई गेली. तू कधी पोचतेस?" त्याच्यासाठी मी भोपाळला होते. म्हटलं, रात्रीच्या गाडीने निघते. तो म्हणाला, "सावकाश ये. आम्ही थांबतो."

तुम्ही थांबलात. आईला सकाळपर्यंत ठेवलंत, सात किलोमीटरवर असलेल्या मुलीसाठी. मी भोपाळच्या गाडीची वेळ पाहिली. प्रवासाहून येणाऱ्या माणसाच्या हातात सामान हवं, म्हणून नाटकातली एक बॅग घेतली. तपकिरी, कोपरे झिजवलेली, मीच झिजवली होती. नटांच्या बॅगेत विटा भरणारी बाई स्वतःच्या बॅगेत वर्तमानपत्रसुद्धा टाकायला विसरली.

दारात तू होतीस. "दे इकडे," म्हणालीस आणि हात पुढे केलास. मला वाटलं, माझं ओझं घेते आहे.

त्या नाटकाने माझं नाव झालं. पुढची सगळी कामं त्यातून आली. बॅग प्रदर्शनात आहे, क्रमांक सतरा, खाली नाटकाचं नाव आणि साल. बाकीच्या बॅगांत परवा विटा भरल्या. सतरा नंबर तशीच ठेवली आहे. रुचिता म्हणाली, "ताई, ही एकच राहिली." राहू दे म्हटलं. दाराचा मजकूर मी काढून टाकला. तिथे आता फक्त खोलीचं माप आहे आणि क्वार्टरचा नंबर. ती चिडली आहे. चिडू दे.

दार अर्धंच उघडेल असं बसवलं आहे. इस्लामुद्दीननी आधी ऐकलं नाही. म्हणाले, बावीस वर्षांत अडकणारं दार बनवलं नाही, लोक काय म्हणतील. तुझं कार्ड वाचून दाखवलं, फक्त मधली ओळ. मग त्यांनी दार अडावं म्हणून फरशीत खिळा ठोकला.

मी आडवी होऊन आत गेले. तीन फूट रुंद कॉट बसेल अशा जागा मला दोन दिसतात. तीन महिने तू त्या खोलीत भांडी, चादरी, गरम पाणी घेऊन आडवी होऊन शिरत होतीस, त्यातली खरी कोणती ते तुलाच माहीत आहे. मी अंदाजाने ठेवू शकते, अंदाज हाच माझा धंदा आहे, आणि कोणालाही फरक कळणार नाही. ठेवणार नाही. कॉट गॅलरीच्या मागच्या बाजूला भिंतीला उभी करून ठेवली आहे.

तीन तारखेला, बुधवारी, दुपारी मी आणि इस्लामुद्दीन गॅलरीत असू. मेट्रोने वैभवी आणेल. तू बोलली नाहीस तरी चालेल, बोट दाखव, आम्ही उचलू. तू आली नाहीस तर पाच तारखेला खोली कॉटशिवाय उघडेल, आणि लोक अर्ध्या दारातून आडवे होऊन रिकाम्या खोलीत जातील. कशामुळे अडलं ते त्यांना दिसणार नाही. रुचिता त्याला काहीतरी नाव देईल.

या वेळी कार्ड सोबत ठेवलेलं नाही.

दिल्लीतूनच,
क्षिप्रा